व्यवसायोपचार व संगीतोपचार : विद्यार्थी-प्रकल्पांची ओळख

बारावीनंतर मुलांनी कोणते शिक्षण घ्यावे, याची चर्चा आपल्या पालकसभांत दरवर्षी होते. वैद्यकीय, अभियांत्रिकी, अध्यापन आणि स्पर्धा परीक्षा ही चार नावे घेऊन ती बहुधा संपते. व्यवसायोपचार व संगीतोपचार ही नावे त्या यादीत सहसा येत नाहीत. आलीच, तर पहिल्याचा अर्थ ‘रुग्णाला एखादा धंदा शिकवणे’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘रुग्णाला गाणी ऐकवणे’ असा लावला जातो. हे दोन्ही अर्थ अपुरे आहेत. या विद्याशाखांचे विद्यार्थी शिकत असतानाच प्रत्यक्ष रुग्णांसोबत जे प्रकल्प करतात, ते नीट पाहिले म्हणजे या उपचारांचे खरे स्वरूप उमगते. म्हणून प्रस्तुत लेखात त्या प्रकल्पांच्या वाटेनेच या विषयाची ओळख करून देण्याचे योजले आहे.

‘व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ

‘ऑक्युपेशनल थेरपी’ या संज्ञेतील ‘ऑक्युपेशन’ म्हणजे केवळ नोकरी वा धंदा नव्हे. माणूस ज्या ज्या कृतींनी आपला दिवस भरतो, त्या सर्व कृती या शब्दात सामावतात. दात घासणे, सदऱ्याची बटणे लावणे, जेवणे, लिहिणे, खेळणे, बाजारहाट करणे, पाहुण्यांना चहा देणे, विहारात जाऊन चारचौघांबरोबर बसणे हे सारे ‘व्यवसाय’च होत. आजार, अपघात, जन्मजात दिव्यांगत्व किंवा मानसिक व्याधी यांमुळे या कृती हातातून सुटल्या, की माणूस घरात असूनही घरच्या व्यवहारातून बाहेर पडतो. त्याला त्या कृती पुन्हा साध्य करून देणे, अथवा त्या करण्याची वेगळी रीत शोधून देणे, हे व्यवसायोपचाराचे काम आहे. भौतिकोपचाराचा भर स्नायू, सांधे आणि हालचाल यांवर असतो. व्यवसायोपचार मात्र त्या हालचालीने माणसाला काय करायचे आहे, येथून सुरुवात करतो.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला एक गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही. ‘व्यवसाय’ हा शब्द आपल्या समाजाच्या वाट्याला निवडीचा शब्द म्हणून कधी आलाच नव्हता. कोणी कोणते काम करायचे, हे जन्माबरोबर ठरत असे आणि ते नाकारण्याची मुभा नसे. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी या व्यवस्थेचे मर्म उघड केले. जात ही केवळ कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड रचून केलेली वाटणी आहे, तिच्यात व्यक्तीच्या आवडीला वा कुवतीला स्थान नाही, आणि म्हणून अशा कामात माणसाचे मन रमत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. व्यवसायोपचाराची विद्या नेमक्या उलट टोकावरून सुरू होते. तेथे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकविले जाते, की समोरच्या माणसासाठी काम तू ठरवायचे नाहीस. त्याला काय करायचे आहे, हे त्याला विचारायचे. या एका प्रश्नामुळे ही विद्याशाखा आपल्या वाचकांनी आवर्जून समजून घ्यावी, असे मला वाटते.

थोडा इतिहास

मनोरुग्णांना साखळदंडांत ठेवण्याच्या काळात, १७९६ साली, इंग्लंडमधील यॉर्क येथे क्वेकर पंथीयांनी ‘रिट्रीट’ नावाचे आश्रयस्थान उघडले. तेथे रुग्णांना बागकाम, शिवणकाम अशा कामांत सहभागी करून घेतले जाई. माणसाला माणसासारखे वागविले आणि त्याच्या हाती अर्थपूर्ण काम दिले, तर त्याची प्रकृती सावरू शकते, हा विचार तेथे रुजला. पुढे शिकागो शहरातील स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत चालणाऱ्या ‘हल हाऊस’ या सेवाकेंद्रात एलिनॉर क्लार्क स्लॅगल यांनी १९१५ साली या विषयाची शाळा काढली. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे सहा जणांनी एकत्र येऊन या विद्येची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्या सहांत डॉक्टर विल्यम रश डंटन होते, हस्तकला-शिक्षिका सुझन कॉक्स जॉन्सन होत्या, तसेच स्वतः क्षय आणि अर्धांग या व्याधींशी झगडणारे वास्तुविशारद जॉर्ज बार्टन होते. म्हणजे डॉक्टर, शिक्षक आणि रुग्ण या तिघांचाही या विद्येच्या पायाभरणीत वाटा आहे. लवकरच पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी तिची गरज सर्वांना पटली.

आपल्या देशात ही विद्या मुंबईत आली. अमेरिकेत क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या विवाहानंतर कमला निंबकर झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाचे विद्यालय सुरू केले. ते भारतातीलच नव्हे, तर आशियातील पहिले विद्यालय मानले जाते. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश झाला. फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेली ‘कमला निंबकर बालभवन’ ही मराठी माध्यमाची शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

संगीतोपचाराचा व्यवस्थित अभ्यासक्रम प्रथम १९४४ साली अमेरिकेच्या मिशिगन स्टेट कॉलेजात सुरू झाला. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या रुग्णालयांत वादक-गायक जाऊ लागले, तेव्हा केवळ चांगले गाणे पुरेसे नाही, रुग्णाची अवस्था समजणेही आवश्यक आहे, हे ध्यानी आले. १९५० मध्ये तेथे राष्ट्रीय संघटना झाली, तर इंग्लंडमध्ये १९५८ साली वादक ज्युलिएट अल्विन यांनी संस्था स्थापन केली.

प्रकल्प कसा उभा राहतो

व्यवसायोपचाराच्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किमान १००० तासांचा अनुभव घ्यावा, असा जागतिक महासंघाचा दंडक आहे. अमेरिकेत संगीतोपचाराच्या विद्यार्थ्याला १२०० तासांचे असे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. विद्यार्थ्यांचे प्रकल्प याच काळात, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली होतात.

प्रकल्पाची पहिली पायरी म्हणजे संवाद. त्यासाठी कॅनडात तयार झालेले आणि १९९१ पासून वापरात असलेले एक साधन पुष्कळ ठिकाणी उपयोगात आणले जाते. रुग्णाने स्वतःच्या दिवसातील अडचणी सांगायच्या. त्यांतील महत्त्वाच्या, जास्तीत जास्त पाच, निवडायच्या. प्रत्येक कृती आज आपल्याला किती जमते आणि त्याबद्दल आपण किती समाधानी आहोत, याला १ ते १० पैकी गुण द्यायचे. हे गुण विद्यार्थी देत नाही, रुग्ण देतो. काही आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. दोन किंवा अधिक गुणांची वाढ झाली, तर फरक अर्थपूर्ण समजण्याचा प्रघात आहे.

दुसरी पायरी म्हणजे कृतीचे पृथक्करण. हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, पन्नाशीच्या एका बाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे आणि उजवा हात दुर्बल झाला आहे. विद्यार्थ्याला वाटते, की त्यांना लिहिणे शिकवावे. त्या मात्र म्हणतात, “मला माझ्या हाताने भाकरी करायची आहे.” झाले, प्रकल्पाचा विषय ठरला.

आता भाकरी ही आपल्याला एक कृती वाटते, पण विद्यार्थ्याच्या वहीत तिचे दहा-बारा तुकडे होतात. डबा उघडणे, पीठ परातीत घेणे, बेताचे पाणी ओतणे, दोन्ही हातांनी मळणे, उंडा करणे, थापणे, अलगद उचलून तव्यावर टाकणे, पाणी फिरवणे, उलटणे, शेकणे. यांपैकी कोणत्या तुकड्याला ताकद लागते, कोणत्याला दोन हातांचा मेळ लागतो, कोठे तोल सांभाळावा लागतो, हे तो एकेक करून पाहतो. हाताची संवेदना कमी झाली असेल, तर चटका बसलेला कळणार नाही, हा धोका तो आधी नोंदवतो. मग उपाय सुचू लागतात. परात सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके. थकवा येऊ नये म्हणून ओट्याशी बसण्यासाठी उंच स्टूल. दुर्बल हाताला सुरुवातीला थापण्याचे काम न देता परात धरून ठेवण्याचे काम. भाकरी उलटण्यासाठी लांब दांड्याचे उलथने. पहिल्या आठवड्यात फक्त मळणे, पुढे थापणे, आणि तव्याशी जाणे सर्वांत शेवटी. या बाईंनी आरंभी स्वतःला २ गुण दिले असतील आणि शेवटी ५ दिले, तर प्रकल्पाला यश आले असे म्हणता येते. हाताची ताकद पूर्ववत झाली नसली, तरी स्वयंपाकघरातील त्यांची जागा त्यांना परत मिळालेली असते.

लहान मुलांच्या बाबतीतही हीच रीत असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे अक्षर वेडेवाकडे येते, म्हणून गिरवणे वाढवून उपयोग होत नाही. विद्यार्थी प्रथम त्याचे बसणे पाहतो. बाकावरून पाय लोंबकळत असतील, तर शरीराचा तोल सावरण्यातच त्याची शक्ती खर्ची पडते आणि बोटांवर ताबा राहत नाही. पायांखाली लाकडी पाट, वहीखाली उतरती फळी आणि पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचा जाड वेढा, एवढ्या स्वस्त साहित्याने पुष्कळ फरक पडू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ अॅडॉल्फ मेयर यांनी १९२२ साली काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांच्या समतोलावर भर दिला होता. निवासी शाळेत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना वसतिगृहाचे वेळापत्रक आठवले, तर या विचाराचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

सुराचा आणि लयीचा उपयोग

संगीतोपचाराच्या प्रकल्पातही उद्दिष्ट संगीताबाहेरचे असते. गाणे चांगले म्हणता येणे हे यश नव्हे. बोलणे, चालणे, लक्ष देणे, इतरांशी देवाणघेवाण करणे यांत सुधारणा झाली का, हे पाहायचे असते.

मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, की काही रुग्णांची वाचा जाते. यास वाचाघात म्हणतात. अशा काही रुग्णांना साधे वाक्य बोलता येत नाही, परंतु ओळखीचे गाणे मात्र शब्दांसह म्हणता येते, हे डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिले होते. १९७३ साली बोस्टन येथील संशोधकांनी या निरीक्षणातून एक उपचारपद्धती मांडली. रोजच्या गरजेचे छोटे वाक्य घ्यायचे, उदाहरणार्थ ‘पाणी द्या’. ते एक उंच व एक खालचा अशा दोन स्वरांत सावकाश म्हणायचे आणि प्रत्येक अक्षराबरोबर रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर ठोका द्यायचा. आधी उपचारक एकटा गुणगुणतो, मग दोघे मिळून म्हणतात, मग उपचारक हळूहळू थांबतो, आणि शेवटी ‘काय हवे?’ या प्रश्नाला रुग्ण स्वतः उत्तर देतो. पुढे सूर कमी करत नेहमीच्या बोलण्याकडे यायचे असते. यात गुण सुराचा अधिक की लयीचा, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. अमेरिकेच्या माजी लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्‌स यांना २०११ साली डोक्यात गोळी लागली. त्यानंतर वाचा परत मिळविण्याच्या त्यांच्या दीर्घ प्रयत्नांत संगीतोपचाराचा वाटा होता.

कंपवाताच्या रुग्णांची पावले लहान होतात, कधी जागच्या जागी खिळतात. तेथे लयीचा उपयोग होतो. विद्यार्थी रुग्णाला दहा मीटर चालावयास सांगतो, सेकंद व पावले मोजतो. मग रुग्णाच्या स्वतःच्या चालीइतक्याच गतीचा ठेका सुरू करतो आणि ती चाल स्थिरावल्यावर ठेका किंचित वाढवतो. काही आठवड्यांनी तेच दहा मीटर अंतर पुन्हा मोजले जाते. कोणत्याही शाळेच्या पटांगणात समजावून सांगता येईल इतकी ही मोजणी साधी आहे, मात्र रुग्ण पडू नये यासाठी प्रशिक्षित माणूस शेजारी असावाच लागतो.

गाण्याच्या निवडीतही ‘त्याला विचारा’ हाच नियम लागू आहे. स्मृतिभ्रंशातही तरुणपणी ऐकलेली गाणी बराच काळ ओळखीची राहतात. ज्यांचे तारुण्य वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत आणि जलशांच्या मांडवात गेले, त्या आजोबांसमोर केवळ शांत वाटते म्हणून कोणतीही बासरी लावून भागणार नाही. त्याचप्रमाणे, एखाद्या वाद्याशी जातीने लादलेल्या कामाची आठवण जोडलेली असेल, तर त्याचा ठेका एखाद्याला दिलासा देण्याऐवजी बोचू शकतो. रुग्णाचा जीवन-इतिहास ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला हे कळणार नाही. आपल्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला ते न सांगता कळेल.

पुरावा आणि प्रामाणिकपणा

‘अमुक राग अमुक रोगावर’ अशी कोष्टके बाजारात पुष्कळ मिळतात. त्यांवर विसंबून कोणीही औषध बंद करू नये. बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सेची सवय लावली आहे, ती येथेही सोडता कामा नये. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आधीची मोजणी, नंतरची मोजणी आणि मधल्या काळाची नोंदवही यांचा आग्रह असतो, तो याचसाठी.

या संदर्भात एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. स्वमग्न मुलांना उत्स्फूर्त संगीत-संवादाचा उपचार दिल्याने त्यांची लक्षणे कमी होतात का, हे पाहण्यासाठी ९ देशांतील ३६४ मुलांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच महिन्यांनंतर, संगीतोपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या सामाजिक लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. संगीतोपचाराच्याच क्षेत्रातील संशोधकांनी हे लपवले नाही, प्रसिद्ध केले. याचा अर्थ त्या मुलांना संगीत निरुपयोगी आहे, असा नाही. त्यातून आनंद व सहवास मिळतो, यात संशय नाही. परंतु आनंद आणि लक्षणांतील सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पालकांना आश्वासन देताना त्या वेगळ्याच सांगितल्या पाहिजेत. ‘अपेक्षित परिणाम दिसला नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी-प्रकल्पही म्हणूनच उत्तीर्ण होण्यास पात्र असतो.

आणखी एक कसोटी आहे. विद्यार्थी काही आठवड्यांनी निघून जातो, रुग्ण मात्र तेथेच राहतो. त्यामुळे वापरलेले साहित्य घरात टिकणारे व दुरुस्त होणारे आहे का, घरातील माणसांना ते वापरता येते का, हे पाहिल्याशिवाय चांगला मार्गदर्शक प्रकल्प पूर्ण झाला असे मानत नाही. रुग्णाची संमती घेणे, आणि ‘नको’ म्हणण्याचा त्याचा हक्क मान्य करणे, हेही त्यातच आले.

आपण काय करावे

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि कंपवात हेही त्यांत आहेत. तरीही आपल्या वस्त्यांत बटण न लावता येणारे मूल ‘आळशी’ ठरते, गोंगाटात कान झाकणारे मूल ‘हट्टी’ ठरते, आणि पाहुणे आले की काही मुलांना आतल्या खोलीत बसविले जाते. शिक्षकाने वा पालकाने उपचारक होण्याचा प्रयत्न करू नये. परंतु काय अडते आहे, ते नेमके लिहून ठेवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाड्या आणि शासकीय व अनुदानित शाळांतील अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते, आणि गरज असलेल्या मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. तपासणी पथक आले, की ही नोंद त्यांच्या हाती द्यावी.

राहता राहिला शिक्षणाचा प्रश्न. महाराष्ट्रात व्यवसायोपचाराच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय आणि नीट परीक्षा आवश्यक असते. मुंबईत केईएम, शीव आणि नायर या सार्वजनिक रुग्णालयांशी संलग्न महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. नीटच्या गुणांमुळे एमबीबीएस हुकले, की आपले काही विद्यार्थी सारेच संपले असे समजतात. त्यांनी या पर्यायाची चौकशी अवश्य करावी. संगीतोपचाराला आपल्याकडे अशी जुनी, रुग्णालयाशी जोडलेली पदवी-परंपरा अद्याप नाही. म्हणून त्या वाटेने जाणाऱ्याने आधी मानसशास्त्र, व्यवसायोपचार किंवा विशेष शिक्षण यांपैकी एक भक्कम पदवी घ्यावी आणि संस्थेची नीट पारख करूनच पुढचे पाऊल टाकावे.

सार्वजनिक रुग्णालयांत हे विद्यार्थी ज्यांच्यावर शिकतात, ते बहुतेक रुग्ण गरीब असतात. त्यांत आपले आईवडील, भाऊबहीण असतात. टेबलाच्या त्या बाजूला आपण पूर्वीपासून आहोत. ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ असे विचारणाऱ्या दुसऱ्या बाजूला आपली मुले किती आहेत, याचा हिशेब माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एकदा मांडावा, आणि येत्या वर्षीच्या पालकसभेतील यादीत हे पाचवे नाव लिहावे.